'व्हॅक्यूम लीक'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: गाडीदुरुस्तीच्या पुस्तिकेचं मराठी करतेय. 'निर्वात गळती' लिहिलं, तर तपासनिसांचा शेरा आला: "निर्वात म्हणजे काहीच नाही, ते गळणार कसं?" मुद्दा पटला. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे एखाद्या पाइपाला चीर जाते, तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. बाहेर काही येतच नाही. मग शब्द कोणता?

तळेगावकर: आमच्या गॅरेजात "हवा खेचतेय" म्हणतात. माझी गाडी सिग्नलला उभी असली की आरपीएम ८०० ते १४०० वरखाली व्हायचा. स्कॅनरवर पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड. मेकॅनिकनं इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला. ब्रेक बूस्टरच्या पाइपाशी नळी आली नि इंजिनाचा सूर बदलला. "हितं खेचतेय बघा." (तापलेल्या एक्झॉस्टजवळ हे करू नका, भडका उडतो.) 'हवाखेच' लिहा.

शब्दप्रेमी: इंजिन हवा खेचतंच, ते त्याचं कामच आहे. खोट आहे ती आडवाटेनं शिरण्यात. 'हवाशिरकाव' म्हणा. आणि 'निर्वात' तर नकोच. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, बाहेरच्या साधारण एक तृतीयांश दाब असतो. तो 'न्यूनदाब'.

विहिरीवाला: 'न्यूनदाब' कुठल्या मेकॅनिकला कळणार? आमच्या पंपाच्या सक्शन पाइपाला बारीक भोक पडलं की पाण्याचा थेंब बाहेर येत नाही, पण पंप हवा घेतो आणि पाणी सोडतो. वडील जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायचे, की धार पुन्हा धरायची. 'हवा घेणे' तयार शब्द आहे, नवा कशाला पाडता?

अनुवादिका: पण पंक्चरवाल्याकडेही आपण हवा घेत नाही का? वाचणारा टायरकडे बघेल.

विहिरीवाला: 'इंजिन हवा घेतंय' लिहिलं तर कशाला बघेल?

शब्दप्रेमी: 'निर्वात'वरून आठवलं. गीतेच्या सहाव्या अध्यायातला दिवा 'निवातस्थ' आहे. तिथं हवा आहे, वारा नाही. हवा नसती तर दिवा तेवलाच नसता. लोक 'निवात' आणि 'निर्वात' एकच समजतात. माझ्या मते 'निवांत' त्या 'निवात'चाच.

तळेगावकर: मग 'निवारा'ही? आजी म्हणायची, "वारं लागतंय, निवाऱ्याला बस."

शब्दप्रेमी: नाही, तो निवारणातला.

तळेगावकर: आजीच्या तोंडी मात्र त्यात वाराच होता.

अनुवादिका: पुस्तिका सोमवारी द्यायची आहे हो.