मदत हवी आहे : सुप्याजवळचा माळ माळच ठेवायचाय

नमस्कार. मी कोथरूडला राहते. बारामती तालुक्यात सुप्याच्या अलीकडे आमचा वडिलोपार्जित ७ एकर माळ आहे. सातबाऱ्यावर बराचसा पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) लागलाय, त्यामुळे घरच्यांच्या लेखी ती जागा वायाच गेलेली. पाऊस कमी, जमीन मुरमाड. मयूरेश्वर अभयारण्य जवळच आहे. ते पाच चौरस किलोमीटरहून जेमतेम मोठं, त्यामुळे तिथले चिंकारा आमच्याकडेही चरायला येतात.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी एका कंपनीच्या वृक्षारोपणाला होकार दिला. जेसीबीने वरच्या अंगाला शंभरेक खड्डे पाडले. मी एप्रिलमध्ये गेले तेव्हा शेवटच्या खड्ड्यापासून चार पावलांवर माळटिटवीची चार अंडी दिसली. घरटं म्हणजे खडे जमवलेला उथळ खळगा, अंडी मुरुमाच्याच रंगाची, टोकं आत वळलेली. पुढच्या खड्ड्याची फक्की त्यांच्याशेजारीच मारलेली होती. दोन्ही पक्षी थोड्या अंतरावर उभे राहून ओरडत होते. मी तिथूनच फोन करून काम थांबवलं. काका म्हणाले, "अगं, झाडं लावण्यात वाईट काय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

या माळावर खोकड (छोटा कोल्हा) आहे, धाविक पक्षी दिसतो, लांडग्याचे ठसे मला दोनदा मिळालेत. त्यांना दूरवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. दाट सावली पडली की कुसळी, पवना, मारवेल ही माळाची गवतं मागे हटतात. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या उंदीरमारीखाली (ग्लिरिसिडियाखाली) काय उगवतं, ते आपण रोज फिरायला जाताना बघतोच. आमच्याही बांधावर तिची दहा-बारा झाडं आहेत आणि दरवर्षी नवी रोपं येतात.

कंपनीची माणसं जूनमध्ये परत येणार आहेत. चराई पूर्ण बंद करावी का? दरवर्षी कुणीतरी गवत पेटवतं, त्याचं काय करू? उंदीरमारी कशी काढायची? आणि काकांना पटेल असं काय सांगू?

प्रतिसाद :
ताई, आम्ही पुरंदरला असंच रान राखतो, त्यावरून सांगतो. चराई बंद करू नका, धनगरांशी बोला. दिवाळीनंतर ते कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, तेव्हा मेंढ्या नेमक्या कोवळ्या फुटव्यावर पडतात. रानाचे तीन तुकडे करा. दरवर्षी एक तुकडा पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत राखायचा, बाकीचे चरू द्यायचे. राखलेल्या तुकड्यातलं गवत दिवाळीच्या सुमारास, बी पडल्यावरच कापा. ती वैरण विकली जाते. काकांना तोच हिशेब दाखवा, पक्ष्यांचं नंतर.

उंदीरमारी नुसती तोडली तर बुंध्यातून जोमाने फुटते. रोपं पावसात जमीन ओली असताना मुळासकट उपटा, मोठ्या झाडांचे फुटवे खुडत राहा. गवत वाळायच्या आत कडेने जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढा. खड्डे त्याच मुरुमाने बुजवा, बाहेरची माती आणलीत तर गाजरगवत येईल. हे काम आत्ताच उरका, मार्चनंतर टिटव्या अंड्यावर बसतात.

धन्यवाद दादा. वैरणीचं काकांना पटेल असं वाटतंय. रविवारी फावडी घेऊन जातोच आहोत. जाळरेषा तुम्ही किती फूट रुंद ठेवता?