एडू यांच्या आर्सेनलमधील पाच वर्षांचा हिशेब कसा मांडावा?

उत्तररात्र (प्रश्न)

नमस्कार. एडू गास्पार यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी-विक्री आणि करार पाहणारे अधिकारी) हे पद सोडले आणि 2025 च्या उन्हाळ्यात ते नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मालकांच्या समूहात रुजू झाले. तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या मित्रमंडळात सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते आठव्या क्रमांकावर घसरलेला क्लब त्यांनी सलग दोन हंगाम दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणून ठेवला. दुसरा तट म्हणतो की पाण्यासारखा पैसा ओतूनही लीगचे विजेतेपद आले नाही, खेळाडू विकता आले नाहीत आणि शेवटपर्यंत हक्काचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, मिळाला नाही.

माझी स्वतःची मनःस्थिती द्विधा आहे. 31 ऑगस्ट 2021 ची रात्र मला स्पष्ट आठवते. इंग्लंडमधली ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, तिथल्या रात्री अकराला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीनला बंद होणार होती. घरचे सगळे झोपलेले, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून मोबाइलवर बातम्या पाहत होतो. तीन सामने झाले होते, गुण शून्य, केलेले गोल शून्य, खाल्लेले गोल नऊ आणि संघ तक्त्यात विसावा. अशा अवस्थेत शेवटच्या क्षणी आला तो इटलीतल्या बोलोन्या क्लबचा तोमियासू, ज्याचा खेळ मी तोवर एकदाही पाहिला नव्हता. त्या पहाटे मी एडू यांच्यावर मनापासून चिडलो होतो. पुढे दीड वर्षाने हाच संघ तक्त्याच्या शिरावर होता.

मग चूक कोणाची होती, त्यांची की माझी? स्पोर्टिंग डायरेक्टरचे काम मोजायचे तरी कशावरून? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मधलीफळी

प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे एडू यांना हातात काय मिळाले होते, हे पाहिल्याशिवाय हिशेबाला सुरुवातच करता येणार नाही. ते जुलै 2019 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचे काम संपवून, त्या वर्षीचा कोपा अमेरिका जिंकून, लंडनला आले. क्लबने टेक्निकल डायरेक्टर हे पदच प्रथम निर्माण केले होते आणि त्यांच्या वर राऊल सान्येही हे फुटबॉल विभागाचे प्रमुख होते. त्याच उन्हाळ्यात निकोला पेपे 7 कोटी 20 लाख पौंडांच्या विक्रमी किमतीला आला. ही खरेदी फसली यात वाद नाही, पण रुजू होऊन महिनाही न झालेल्या माणसाच्या माथी ती संपूर्ण मारणे मला न्याय्य वाटत नाही. सान्येही ऑगस्ट 2020 मध्ये गेले आणि एडू यांची खरी जबाबदारी तिथून सुरू झाली.

त्यानंतरचे पहिले दीड वर्ष निव्वळ खरेदीचे नव्हते, ते घर रिकामे करण्याचेही होते. ओझील, मुस्ताफी, सोक्रातिस, कोलासिनाच, विल्यन, ओबामेयांग ही सगळी नावे करार संपण्याआधीच, बदल्यात काहीही न मिळवता गेली. खेळाडू तिशीकडे झुकलेला, पगार मोठा आणि कामगिरी नाही, अशा वेळी त्याला दुसरा क्लब विकत घेत नाही आणि तो स्वतःही हलत नाही, म्हणून प्रसंगी पैसे मोजून त्याला मोकळे करावे, अशी भूमिका एडू यांनी स्वतः मुलाखतीत मांडली होती. बाहेरून पाहताना हा शुद्ध तोटा दिसतो. ओझीलचा 2018 चा करार आठवड्याला सुमारे साडेतीन लाख पौंडांचा असल्याचे सांगितले जात होते, आणि तो एडू यांनी केलेला नव्हता. घरात जुने अवजड कपाट अडलेले असेल तर नवीन सामान आणून ठेवणार कुठे? ते कपाट भंगाराच्या भावानेही जात नसेल, तर हमाली आपल्यालाच द्यावी लागते.

आणि मग आपण ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिले आहे, तो 2021 चा. व्हाइट, रॅम्सडेल, ओडेगार्ड, तोमियासू, लोकोंगा आणि तवारेस हे सहाही जण तेविशी किंवा त्याखालचे होते आणि त्यांच्यावर जवळजवळ 15 कोटी पौंड खर्च झाले. लागोपाठ दोन हंगामांत दोन क्लबांसोबत खालच्या श्रेणीत गेलेल्या रॅम्सडेलला सुमारे 2 कोटी 40 लाख देऊन आणल्यावर किती टीका झाली, हे सर्वांना आठवत असेल. सहांपैकी दोघे चालले नाहीत, पण उरलेल्या चौघांवर 2022-23 चा 84 गुणांचा संघ उभा राहिला. माझ्या मते एडू यांच्या कारकिर्दीचा गाभा हा एकच उन्हाळा आहे. डेक्लन राइस 10 कोटींना आणणे हे मोठे काम होते, परंतु राइस उत्तम आहे हे साऱ्या जगाला ठाऊक होते. संघ विसाव्या क्रमांकावर असताना, सगळीकडून अनुभवी खेळाडूंची मागणी होत असताना, तेविशीच्या आतल्यांवरच विश्वास ठेवायचा आणि तो बदलायचा नाही, याला धाडस लागते.

थेम्सकाठी

वरच्या मुद्द्याला जोडून एवढेच सांगतो की 22 ऑगस्ट 2021 रोजी मी एमिरेट्स स्टेडियममध्ये होतो. मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त लंडनला आलेलो. महासाथीनंतर पहिल्यांदाच घरच्या लीग सामन्याला स्टेडियम पूर्ण भरले होते आणि दीड वर्षाने माणसे एकमेकांना भेटत असल्यामुळे सुरुवातीला वातावरण सणासारखे होते. समोर चेल्सी होती. पस्तीस मिनिटांत दोन गोल झाले आणि मध्यंतराला खेळाडू आत जाताना चारी बाजूंनी हुर्यो उडाली. माझ्या शेजारी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. ते हायबरीच्या जुन्या मैदानापासून सामन्यांना येत होते. त्यांनी हुर्यो उडवली नाही, ते फक्त खाली मान घालून बसून राहिले. त्या दिवशी होलोवे रोडवरून परतताना प्रशिक्षक आर्तेता आणि एडू दोघांनाही जायला हवे, हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकले. मीही त्यांच्यात होतो, हे मान्य करतो. मालकांनी त्या आठवड्यात आमचे ऐकले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

दर्यावर्दी

मधलीफळी यांच्याबद्दल आदर ठेवून मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण 2021 च्या उन्हाळ्याचे कौतुक करताना 2022 चा जानेवारी सोयीस्करपणे विसरला जातो.

ओबामेयांगचा वारसाहक्काने आलेला करार संपत आला असताना, सप्टेंबर 2020 मध्ये नवीन तीन वर्षांचा करार एडू यांच्याच काळात झाला. त्या वेळी तो एकतीस वर्षांचा होता. सव्वा वर्षात त्याचे कर्णधारपद काढून घेतले गेले आणि फेब्रुवारी 2022 च्या आरंभी तो फुकट बार्सिलोनाला गेला. म्हणजे ओझीलबाबत जी चूक दुसऱ्यांनी केली, तीच एडू यांनीही केली. विल्यनला बत्तिसाव्या वर्षी तीन वर्षांचा करार दिला, तो एका हंगामात परत गेला. जुन्या कपाटाची उपमा मला पटते, पण त्यातली दोन कपाटे त्यांनी स्वतः आणून ठेवली होती.

ओबामेयांग गेल्यावर त्या हंगामासाठी बदली म्हणून कोणीही आला नाही. फियोरेंटिनाचा व्लाहोविच हवा होता, तो युव्हेंटसला गेला, आणि दुसरा पर्याय तयार नव्हता. मे महिन्यात टॉटेनहॅमकडून तीन आणि न्यूकॅसलकडून दोन गोलांनी हार झाली आणि 69 गुणांवर पाचवे राहून चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा हुकली. चौथ्या आलेल्या टॉटेनहॅमचे गुण 71 होते. दोन गुणांनी एका पूर्ण वर्षाचे उत्पन्न आणि प्रतिष्ठा गेली.

आता 2024 चा उन्हाळा पाहा. एन्केटियाला क्रिस्टल पॅलेसला विकले, स्मिथ रोला फुलहॅमला विकले आणि आघाडीसाठी शेवटच्या दिवशी स्टर्लिंगला उसनवारीवर आणले. त्याने संपूर्ण हंगामात एक गोल केला, तोही लीग कपात बोल्टनविरुद्ध. जानेवारीत जेझुसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत हावर्ट्झचा हॅमस्ट्रिंग गेला आणि लेस्टरच्या मैदानावर मेरिनोला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, बदली स्ट्रायकर म्हणून पाठवावे लागले. त्याने दोन गोल केले हे त्याचे मोठेपण. 2023-24 मध्ये 91 गोल करणारा संघ पुढच्या हंगामात 69 वर आला. एडू तोवर गेले होते हे खरे आहे, परंतु दुखापती झाल्यास काय करायचे याची तजवीज ऑगस्टमध्ये करायची असते.

कौलारू

थोडी तथ्यदुरुस्ती. बऱ्याच ठिकाणी आघाडीचा खेळाडू मार्तिनेली याला आणल्याचे श्रेय एडू यांना दिले जाते. दोघेही ब्राझीलचे, म्हणून तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मार्तिनेलीचा करार जुलै 2019 च्या पहिल्याच दिवसांत जाहीर झाला आणि एडू यांची नेमणूक त्यानंतर जाहीर झाली. इतुआनोसारख्या लहान क्लबातून त्याला हेरण्याचे श्रेय स्काउटिंग विभागाचे तेव्हाचे प्रमुख फ्रान्सिस काहिगाव यांना दिले जाते. ते आणि त्यांचे बरेच सहकारी ऑगस्ट 2020 च्या कपातीत बाहेर पडले, आणि ही कपात एडू यांच्याच काळातली आहे. पेपेचा दोष त्यांना द्यायचा नाही, असे ठरवले तर मार्तिनेलीचे श्रेयही देता येणार नाही. दोन्हीकडे एकच माप लावावे, एवढेच म्हणणे आहे.

मधलीफळी

कौलारू यांची दुरुस्ती मान्य. ओबामेयांगच्या कराराबद्दल दर्यावर्दी यांचेही म्हणणे मान्य करतो. तो करार मलाही त्या वेळी आवडला होता, कारण नुकताच ऑगस्टमध्ये चेल्सीविरुद्धच्या एफए कप अंतिम सामन्यात दोन्ही गोल त्यानेच केले होते आणि त्याला जाऊ देणे कोणाही समर्थकाला सहन झाले नसते. परंतु समर्थकांच्या भावनेपलीकडे पाहण्यासाठीच हे पद असते, हेही तितकेच खरे.

स्ट्रायकरच्या बाबतीत मात्र मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. निर्णय कोणाचा होता? सप्टेंबर 2020 मध्ये आर्तेता यांचे पद हेड कोच वरून मॅनेजर असे झाले, म्हणजे संघ कोणत्या खेळाडूंचा असावा यात त्यांचा शब्द औपचारिकरीत्याही वाढला. हावर्ट्झसाठी साडेसहा कोटी मोजले गेले, तेव्हा तो मधल्या फळीसाठी आणला होता की आघाडीसाठी, यावरच समर्थकांत महिनोन्‌महिने वाद होता. प्रशिक्षकाला कसा खेळाडू हवा, हे ठरवणे एडू यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. त्यांचे काम तो खेळाडू मिळवून देण्याचे आणि मिळाला नाही तर पर्याय तयार ठेवण्याचे.

पर्यायाचे उदाहरण द्यायचे तर 2023 च्या जानेवारीचे देईन. मुद्रिक या आघाडीच्या खेळाडूसाठी आठवडेच्या आठवडे बोलणी चालली आणि चेल्सीने अधिक रक्कम देऊन त्याला नेले. त्यानंतर आठवड्याभरात ब्रायटनचा ट्रोसार त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी किमतीत आला आणि मार्चमध्ये फुलहॅमच्या मैदानावर पूर्वार्धातच त्याने तीन गोलांसाठी पास दिले. व्लाहोविचच्या वेळी जे केले नाही, ते इथे केले. माणूस एका वर्षात शिकला, असे मी याकडे पाहतो.

दर्यावर्दी

ट्रोसारचे उदाहरण चपखल आहे, ते मी नाकारत नाही. पण विक्रीचे काय? गोलरक्षक मार्तिनेझला सप्टेंबर 2020 मध्ये अॅस्टन व्हिलाला दिले, त्याच्या जागी दिझोंहून आलेला रुनारसन काही महिन्यांतच पायउतार झाला, आणि मार्तिनेझ विश्वविजेता गोलरक्षक झाला. पेपेवर एक छदामही परत आला नाही. लाकाझेत करार संपवून गेला. बालोगुन, झाका, विलॉक आणि वर सांगितलेले स्मिथ रो व एन्केटिया यांचे चांगले पैसे आले, ते सोडले तर पाच वर्षांत सांगण्यासारखे फार काही नाही. ज्या क्लबला खेळाडू विकता येत नाहीत, त्याला प्रत्येक उन्हाळ्यात मालकांच्या खिशाकडे पाहावे लागते.

उत्तररात्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या दोन्ही तटांच्या मित्रांना हा धागा पाठवला आहे. एक उपप्रश्न आहे. बचावपटू सलिबाबद्दल कोणीच लिहिले नाही. 2019 मध्ये घेतलेला खेळाडू आर्सेनलसाठी पहिला लीग सामना ऑगस्ट 2022 मध्ये खेळला. याला धीर म्हणावे की हेळसांड?

कौलारू

माझ्या मते आधी हेळसांड आणि मग धीर. 2020 च्या शरद ऋतूत त्याला ना संघात घेतले गेले, ना वेळेत उसनवारीवर पाठवले गेले, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाचे जवळजवळ अर्धे वर्ष वाया गेले. मग नीस आणि त्यानंतर मार्से. मार्सेच्या हंगामात तो फ्रेंच लीगचा सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला, तेव्हा तो परतेल याची खात्री कोणालाच नव्हती. तरीही त्याला विकले गेले नाही, आणि जुलै 2023 मध्ये 2027 पर्यंतचा नवीन करार झाला.

मला वाटते की मोजायचे असेल तर हे मोजावे. ऑक्टोबर 2022 ते सप्टेंबर 2023 या एका वर्षात गॅब्रिएल, मार्तिनेली, साका, सलिबा आणि ओडेगार्ड या पाचही जणांनी नवीन करारांवर सह्या केल्या. खरेदीच्या बातमीइतकी गर्दी त्या बातम्यांना झाली नाही. पण त्याआधीच्या दशकात फॅब्रेगास, नास्री, व्हॅन पर्सी, सांचेझ असे एकेक जण करार संपत आल्यावर किंवा मोठा क्लब बोलावतो म्हणून निघून जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या पाच सह्यांची किंमत वेगळी सांगायला नको. 2025 च्या मार्चमध्ये एडू यांच्या जागी आंद्रेया बेर्ता आले, त्यांनी स्ट्रायकर ग्योकेरेशला आणले याची चर्चा सगळीकडे आहे. त्याआधी त्यांनी गॅब्रिएलचा करार 2029 पर्यंत वाढवला होता. टेबलावर पुढच्या फायली साका आणि सलिबा यांच्या होत्या, 2027 च्या तारखेसकट, एडू ठेवून गेले होते तशा.