मदत हवी आहे: रंगाईच्या पाण्यावरचा ॲक्टिव्हेटेड कार्बन पंधरवडाही टिकत नाही

पांझराकाठ
राम राम मंडळी. धुळ्यात मामांचं सूत रंगवायचं छोटं युनिट आहे. रिॲक्टिव्ह रंग, मीठ, सोडा, नेहमीचाच मामला. रोज साधारण 10 हजार लिटर पाणी निघतं. ते हौदात जमतं, तिथून वाळूच्या फिल्टरमधून थेट कार्बनच्या टाकीत. टाकीत 300 किलो दाणेदार कार्बन आहे, नारळाच्या करवंटीचा, आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो तो आकडा) 1000. नवीन भरला की पाणी नितळ येतं, पंधरवड्याच्या आत पुन्हा लालसर. विकणारा म्हणतो, 1100 वाला घ्या. मामा म्हणतात, शेवटी कोळसाच ना तो? कापसाच्या पऱ्हाट्या दरवर्षी बांधावर पेटवतोच, त्यांचाच करू.
हौदातल्या पाण्याचा रिपोर्ट: सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) 600, पीएच 10.5, टीडीएस (विरघळलेले क्षार) 6000 च्या वर. कोणाचं ऐकू?

ईटीपीवाला_जळगाव
दोघांचंही नको, भो. आधी हिशेब कर. लिटरमागे 600 मिलिग्रॅम म्हणजे 10 हजार लिटरला रोज 6 किलो सीओडी. कार्बन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं धरतो असं मानलं, आणि हे मी सढळ हाताने धरतोय, तर 300 किलोत 60 किलो मावेल. 6 ने भाग. दहा दिवस! तुझा कार्बन चोख काम करतोय, त्याच्यावर लादलेलं काम चुकीचं आहे.
कार्बन सगळ्यात शेवटी हवा. आधी हिराकस (फेरस सल्फेट) आणि चुना टाकून रंग खाली बसव. रिॲक्टिव्ह रंग पाण्यात पक्के विरघळलेले असतात, नुसत्या तुरटीला दाद देत नाहीत. गाळ भरपूर निघेल, तो वाळवायला जागा लागेल. मग पीएच उतरवून एअरेशन (पाण्यात हवा सोडणं), मग वाळूचा फिल्टर, मग कार्बन. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा 250 आहे. तिथपर्यंत आधीच्या टप्प्यांनीच आणायचं, कार्बनने वरचा उरलेला रंग टिपायचा.

सावदेकर
पऱ्हाट्यांवरून आठवलं, आमच्याकडे केळीच्या खांबांचे ढीग पडलेत. त्यांचा नाही का होत कार्बन?

रसायनमास्तर
सावदेकर, होतो, पऱ्हाट्यांचाही होतो, प्रयोगशाळेत. पण खड्ड्यात जाळलेला कोळसा वेगळा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन वेगळा. कोळशाला 800 अंशांच्या वर वाफ द्यावी लागते, किंवा लाकूड फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून 450 अंशांच्या आसपास बंद भट्टीत तापवावं लागतं. तेव्हा कुठे आतली छिद्रं उघडतात आणि एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग तयार होतो. वर ते ॲसिड धुऊन काढायचं, म्हणजे सांडपाण्याचा आणखी एक हौद. मामांना म्हणावं, पऱ्हाट्या ब्रिकेटवाल्याला विका.
आता आयोडीन नंबर. आयोडीनचा रेणू चिमुकला, तो बारीकातल्या बारीक छिद्रात शिरतो. करवंटीच्या कार्बनमध्ये बहुतेक छिद्रं तशीच असतात, म्हणून पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन काढायला तो उत्तम. रंगाचे रेणू अंगाने थोराड, ते दारातच अडकतात. त्यामुळे 1000 चा 1100 केल्याने तुम्हाला फारसा फरक पडणार नाही. विक्रेत्याला मिथिलीन ब्लू नंबर (कार्बन मोठ्या रेणूचा रंग किती धरतो तो आकडा) विचारा, आणि लाकडाचा किंवा दगडी कोळशाचा नमुना मागा.
दुसरं, पीएच. रिॲक्टिव्ह रंगावर ऋण भार असतो. 10.5 पीएचला कार्बनचा पृष्ठभागही ऋण भारित होतो आणि रंगाला ढकलतो. कार्बनआधी पीएच 6 ते 7 वर आणा.
विकत घेण्याआधी बाटल्यांत करून बघा. प्रत्येक नमुना कुटून पूड करा, लिटरभर पाण्यात अर्धा, एक, दोन, पाच ग्रॅम टाका, दोन-तीन तास हलवत राहा, फिल्टर पेपरने गाळून रंग ताडून पाहा. पाणी मात्र हिराकसच्या टप्प्यानंतरचं घ्या. कच्च्या पाण्यावर केलेली चाचणी व्यर्थ.

पांझराकाठ
मास्तर, हे तर विक्रेत्याने कधी सांगितलंच नाही. आणि टीडीएस? तो म्हणाला होता कार्बनने तोही उतरेल.

ईटीपीवाला_जळगाव
धादांत खोटं. कार्बन सेंद्रिय रसायनं धरतो, मिठाला हात लावत नाही. त्याला आरओ लागेल. निदान रंगाच्या पहिल्या टबाचं खारं पाणी धुण्याच्या पाण्यात मिसळू नकोस. ते वेगळं काढ, थोडंच असतं. पक्क्या तळाच्या उथळ हौदात सुकवायला आपल्या खान्देशच्या उन्हासारखं ऊन नाही, पण आधी प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) ते बसवून घे. उरलेलं मीठही कुठेही फेकता येणार नाही.
आणि वापरलेला कार्बन कुठे टाकतोस? उकिरड्यावर नको. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या यादीत वापरलेल्या कार्बनचा उल्लेख आहे. तुझ्या कन्सेंटमध्ये काय लिहिलंय बघ आणि अधिकृत ठिकाणीच दे.

रसायनमास्तर
एक राहिलं. कार्बन बदलताना माणूस टाकीत उतरवता का? ओला कार्बन बंद टाकीतल्या हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस एकदम कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. पाण्याच्या झोताने खालच्या तोंडातून कार्बन बाहेर काढा.

पांझराकाठ
आतापर्यंत पोऱ्या फावडं घेऊन उतरायचा. आजच बंद करायला सांगतो. हिराकस धुळ्यात पोत्याने मिळतं का, कोणाला माहीत आहे?