एबीएसचे सेन्सर दिवा लागण्याआधीच काढून साफ करावेत का?

पाना_पक्कड
एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि तिचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. ब्रेकचे पॅड बदलायला चाक उतरवलं की नकलवरचा, म्हणजे चाकाचं हब धरणाऱ्या भागावरचा, हा सेन्सर अगदी हाताशी असतो. तरी त्याच्याकडे कुणी बघत नाही. पुढे कधीतरी डॅशबोर्डवर दिवा लागतो, स्कॅनर एका चाकाचं नाव सांगतो आणि सेन्सर सरळ बदलला जातो. मला हे पटत नाही. जुन्या पद्धतीच्या सेन्सरच्या टोकात चुंबक असतो, आणि डिस्कच्या झिजेतून उडणारा लोखंडाचा कीस त्याला चिकटतच राहतो. टोक आणि चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. तिथे किसाची दाढी वाढली की सिग्नल बिघडणारच. ब्रेक क्लीनरने ओलं केलेलं फडकं आणि मऊ नायलॉनचा ब्रश, एवढ्यावर ती निघते. म्हणून माझं मत असं की पॅडच्या कामाला चाक उतरलं की सेन्सर काढावा, पुसावा, परत बसवावा. विरोध असेल तर कारणांसकट मांडा.

हब_बेअरिंग
विरोध आहे आणि ठाम आहे. चालता सेन्सर उपसू नका. सेन्सरचं अंग प्लास्टिकचं, आणि तो बसतो ते भोक बऱ्याच गाड्यांत ओतीव लोखंडाचं. पावसापाण्याने भोकाला गंज चढतो आणि तो सेन्सरला आवळून धरतो. बोल्ट निघतो, सेन्सर निघत नाही. मग माणूस स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो, डोकं तुटून हातात येतं आणि धड आतच राहतं. ते काढायला ड्रिल लागतं, कधी अख्खं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, उतरवावं लागतं. अशा गाड्या वर्कशॉपमध्ये आलेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यांचे सेन्सर मुळात धडधाकट होते.

दुसरं, बिघाड टोकात असतो तितकाच वायरमध्येही असतो. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाला वाकते. वरून आवरण शाबूत दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या झालेल्या असतात. टोक कितीही पुसलं तरी यातलं काही सुधारत नाही.

पाना_पक्कड
वायरचं मान्य. पण सेन्सर 'चालता' आहे हे तुम्ही ठरवलं कशावरून? दिवा लागला नाही यावरूनच ना? एबीएसचा सगळ्यात फसवा बिघाड दिव्याशिवाय येतो. गाडी सिग्नलपाशी हळूहळू थांबते आहे, रस्ता कोरडा, ब्रेक हलकेच दाबलेला, आणि थांबायच्या जरा आधी पेडल पायाखाली घरघरतं. गाडी हवी त्यापेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते. कारण असं की जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये वेग कमी होतो तसा व्होल्टेज घटतो. फट वाढलेल्या चाकाचा सिग्नल बाकीच्या तिघांच्या आधी मरतो. कंप्युटरला वाटतं ते चाक जाम झालं, म्हणून तो त्याच्यावरचा दाब सोडतो. आपण ब्रेक दाबतो आहोत आणि गाडी तो सोडते आहे, हे मला फार गंभीर वाटतं. दिव्यावर विसंबणारा माणूस याला 'जरा खडखड होते' म्हणून महिनोन्‌महिने सोडून देतो.

सर्किट
दोघेही जुन्या सेन्सरबद्दल बोलताय. जुना सेन्सर म्हणजे तारेची गुंडाळी आणि चुंबक, तो स्वतःच वीज तयार करतो. नवा हॉल किंवा मॅग्नेटोरेझिस्टिव्ह पद्धतीचा असतो, त्याला कंप्युटरकडून वीज लागते, आणि बहुतेक दोन वायरी सेन्सर 7 आणि 14 मिलिअँपियर अशा दोन पातळ्यांवर सिग्नल देतात. वेग कमी झाला तरी त्याचा सिग्नल दुबळा होत नाही. मात्र फट मर्यादेबाहेर गेली की पल्स गळतात.

हा भेद तपासणीत फार महत्त्वाचा आहे. जुन्याला मल्टिमीटर लावून ओहम मोजता येतात, बहुधा हजाराच्या आगेमागे, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरावा. चाक हाताने फिरवून एसी व्होल्टेजही बघता येतो. नव्याला ओहम मोजायच्या भानगडीत पडू नका. त्यातून काही कळत नाही आणि सेन्सरला इजा होऊ शकते.

माझ्या मते पहिली पायरी पाना नाहीच. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावा, शेजारी माणूस बसवा, मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी अगदी हळू नेऊन थांबवा. कोणतं चाक बाकीच्यांच्या आधी शून्यावर पडतं ते दिसेल. उडी ठरावीक अंतराने, चाकाच्या फेऱ्याबरोबर येत असेल तर सेन्सर सोडा आणि रिंग बघा. ड्राइव्ह शाफ्टवरच्या दातेरी रिंगला तडा गेला की तिथले दोन दात फाकतात आणि प्रत्येक फेरीत एकदा चूक होते. एक चाक कायमच थोडं वेगळं दाखवत असेल तर आधी टायरची हवा आणि साइझ तपासा.

मागची_सीट
माझ्या गाडीत दातेरी रिंग दिसतच नाही. मग तपासायचं काय? आणि टोक पॉलिश पेपरने घासलं तर चालेल का?

सर्किट
पॉलिश पेपर, तारेचा ब्रश दोन्ही नको. तुमच्या गाडीत रिंग बहुधा बेअरिंगच्या सीलमध्येच आहे. दात नसतात, एकाआड एक उत्तर-दक्षिण ध्रुव असलेली काळी पट्टी असते. तिच्याजवळ चुंबक असलेलं हत्यार नेऊ नका. बेअरिंग बदललं आणि लगेच दिवा लागला, तर ते उलटं बसलं आहे का, ही शंका आधी घ्या. पट्टीची बाजू सेन्सरकडेच हवी.

हब_बेअरिंग
आणखी एक. ज्या गाड्यांत सेन्सर हबच्या आत उतरतो, तिथे काढण्याआधी भोवतीची माती ब्रशने झाडा आणि भोक उघडं ठेवू नका. त्या भोकात ब्रेक क्लीनर मारणारे लोक आहेत. त्याने बेअरिंगचं ग्रीस धुतलं जातं.

पाना_पक्कड, तुमचं घरघरणारं पेडल मी नाकारत नाही. पण त्याचं कारण बऱ्याचदा टोकावरचा कीस नसून सेन्सरच्या बैठकीखालचा गंज असतो. गंज फुगतो, सेन्सरला वर ढकलतो, फट वाढते. काम तिथे आहे: बैठक खरवडून सपाट करणं. ते लक्षण दिसल्यावर करावं. लक्षण नसताना दरवेळी काढघाल करणं मला धोक्याचं वाटतं.

शेवटचा_गिअर
मी आणखी पुढे जाऊन म्हणतो, घरी ब्रेकच्या या भागाला हातच लावू नये. याच चार सेन्सरवर एबीएसबरोबर ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चालतात. क्लिप न लावता वायर सोडली, ती टायरला घासून तुटली, तर ऐन पावसात वळणावर हे सगळं एकदम बंद.

पाना_पक्कड
म्हणूनच क्लिपा मूळ जागीच लावायच्या आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून वायर ताणत नाही ना हे बघायचं. गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवायची, बाकीच्या चाकांना अडण लावायची. हे शिकता येतं. हात लावूच नका म्हटलं की मालकाला आपल्या गाडीत काय बदललं जातंय तेही कळत नाही.

हब_बेअरिंग, बैठकीचा मुद्दा मला पटला. पण बैठकीचा गंज सेन्सर न काढता दिसणार कसा? फुगेपर्यंत थांबलं तर तो तुम्ही म्हणता तसा तुटूनच निघणार. वेळच्या वेळी निघत राहिलेला सेन्सर पुढेही निघतो.

हब_बेअरिंग
नव्या गाडीपासून हा नियम पाळला असेल तर हरकत नाही. वर्षानुवर्षं न हललेल्या सेन्सरला तो लावू नका. तिथे वायर, कनेक्टर आणि दिसतं तेवढं टोक बघा, स्कॅनरचे आकडे घ्या, आकडे सरळ असतील तर चाक परत चढवा. काढायचाच असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, बोल्ट काढल्यावर सेन्सर डावी-उजवीकडे हलकेच हलवा, पक्कड वायरवर कधीच लावू नका. आणि नवा सेन्सर आधी हातात असू द्या. बसवताना भोकाच्या कडेला पातळ ग्रीस, टोकाला नाही.

पाना_पक्कड
जुन्या गाडीपुरतं मान्य. पाच-सहा वर्षांच्या आतल्या गाडीत मी काढणारच.