बेटाजवळ नांगरलेल्या शिडाच्या नौकेवर राहताना पाणी, वीज आणि झोप यांची घडी कशी बसवावी?

प्रश्न

आम्ही पती-पत्नी उष्ण कटिबंधातील एका बेटाच्या आडोशाला नांगरलेल्या, सुमारे ११ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर नुकतेच राहायला आलो आहोत. शिडे हाताळण्याचा आम्हा दोघांनाही पुरेसा सराव आहे. अडचण आहे ती रोजच्या राहण्याची. पहाटेपर्यंत बॅटरी इतकी उतरते की फ्रिज बंद करावा लागतो, टाकीतले पाणी अंदाजापेक्षा फार लवकर संपते आणि वारा थोडा वाढला की नांगर घसरेल या धास्तीने आमच्यापैकी एकजण रात्रभर जागा राहतो. मोठी सोलर पॅनेल, मोठी बॅटरी आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र हे सगळेच घ्यावे, असा सल्ला काहींनी दिला आहे. खर्चात पडण्यापूर्वी, नौकेवर दीर्घकाळ राहिलेल्या मंडळींनी कशाला आधी हात घातला हे समजून घेण्याची इच्छा आहे.

प्रतिसाद १

आधी झोपेची व्यवस्था लावावी, असे माझे ठाम मत आहे, कारण जागरणाने थकलेल्या माणसाच्या हातून नौकेवरची इतर सगळी कामे बिघडतात. नांगराविषयीची भीती बऱ्याच अंशी हिशेबाने जाते. साखळी किती सोडायची हे ठरवताना फक्त त्या क्षणीची खोली धरून चालत नाही. तीत भरतीने वाढणारे पाणी आणि पाण्याच्या पातळीपासून नौकेच्या नाळेपर्यंतची, म्हणजे पुढच्या टोकापर्यंतची, उंची मिळवावी लागते. खोली ४ मीटर, भरती १ मीटर आणि नाळेची उंची १ मीटर असेल, तर बेरीज ६ मीटर होते आणि तिच्या पाचपट, म्हणजे ३० मीटर साखळी बाहेर हवी. जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर सातपट, म्हणजे ४२ मीटर सोडावी, मात्र वारा फिरल्यावर आपली नौका तेवढ्या घेरात फिरून शेजारच्या नौकेला लागणार नाही ना, हे आधी पाहावे.

नांगर टाकल्यावर इंजिन उलट दिशेने हळूहळू जोर वाढवत चालवावे आणि किनाऱ्यावरच्या एका रेषेत येणाऱ्या दोन खुणांवर नजर ठेवावी. त्या एकमेकींपासून सरकल्या नाहीत तर नांगर बसला आहे. उष्ण समुद्रात आणखी एक सोय मिळते, ती म्हणजे चेहऱ्यावर पाणमुखवटा लावून पोहत जाऊन नांगर प्रत्यक्ष पाहता येतो. तो वाळूत रुतलेला असावा. प्रवाळावर तो नीट धरत नाही आणि साखळी घासून शेकडो वर्षांत वाढलेले प्रवाळ मोडते, म्हणून तिथे नांगर टाकूच नये. साखळीला नायलॉनचा जाड दोर जोडून धक्क्यांचा ताण त्याच्यावर घ्यावा, म्हणजे रात्रीचा खडखडाटही थांबतो. एवढे करून नौका जागेवरून सरकताच वाजणारा जीपीएसचा नांगर-अलार्म लावला की दोघांनाही झोपता येईल. पैसे खर्च करायचेच असतील तर पॅनेलच्या आधी एका मापाने मोठा नांगर घ्या.

प्रतिसाद २

वरच्या मताशी मी सहमत आहे. विजेबाबत माझा आग्रह एवढाच आहे की काहीही विकत घेण्याआधी काही दिवस वापराची काटेकोर नोंद ठेवावी. फ्रिजचा कॉम्प्रेसर ५ अँपिअर घेत असेल आणि उष्ण हवेमुळे निम्मा वेळ चालत असेल, तर एकट्या फ्रिजला २४ तासांत ६० अँपिअर-तास (बॅटरीतल्या विजेचे माप) लागतात. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले जेमतेम ५० वापरण्याजोगे असतात, म्हणजे फ्रिजचीच गरज भागत नाही. आपली पहाटेची तक्रार बहुधा इथूनच येते. फ्रिजच्या पेटीचे उष्णतारोधक अस्तर जाड करणे आणि कॉम्प्रेसरभोवती हवा खेळती ठेवणे हे नव्या बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पॅनेल बसवताना डोलकाठीची आणि दोरांची सावली टाळावी, कारण पॅनेलवर पडलेली अरुंद सावलीसुद्धा वीज बरीच खाली आणते.

पाण्याचा दाबपंप बंद ठेवून पायाने चालणारा पंप वापरला की खप आपोआप उतरतो. आसपासचे पाणी स्वच्छ असेल तर भांडी समुद्राच्या पाण्यात धुऊन शेवटी गोड्या पाण्याने विसळावीत. पावसाचे पाणी धरणे तर फारच लाभाचे आहे: १ चौरस मीटर कापडावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते, त्यामुळे ६ चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटरची एक सर आली तर ६० लिटर जमतात. पहिली काही मिनिटे मीठ आणि धूळ वाहून जाऊ द्यावी. पाणी गोडे करणारे यंत्र नंतर घेता येईल. त्यातील मीठ गाळणारा पडदा क्लोरीनने आणि तेलाने खराब होतो, यंत्र बंद राहिले तर गोड्या पाण्याने धुवावे लागते आणि गर्दीच्या, तेलकट बंदरात ते चालवताच येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नाळेची उंची आम्ही धरतच नव्हतो. आणखी दोन शंका आहेत: कपडे आणि गाद्या कायम दमट राहतात, त्यावर उपाय काय? आणि चक्रीवादळांच्या काळात इथेच राहावे का?

प्रतिसाद ३

दमटपणाचे मूळ बहुतेक वेळा मिठात असते. मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेते, म्हणून समुद्रात भिजलेले कपडे गोड्या पाण्यात न काढता वाळवले तर ते पुन्हा पुन्हा दमट होतात. गादीखाली फळ्यांची जाळी ठेवावी, म्हणजे हवा खालूनही फिरते. पुठ्ठ्याची खोकी मात्र नौकेवर आणू नयेत, त्यांत झुरळांची अंडी येतात. आपण विचारलेले नाही, तरीही सांगणे आवश्यक वाटते: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. स्वयंपाक होताच सिलिंडरची तोटी बंद करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

वादळांचा मोसम प्रदेशानुसार बदलतो. उत्तर अटलांटिकात तो १ जून ते ३० नोव्हेंबर, तर दक्षिण पॅसिफिकात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा धरतात. विषुववृत्ताच्या सुमारे ५ अंशांच्या आत चक्रीवादळे क्वचितच तयार होतात, म्हणून अनेक नौका मोसम लागण्यापूर्वी त्या पट्ट्याकडे सरकतात. आपल्या विम्याच्या करारात या काळात नौका कोठे असावी याची अट आहे का, ते आजच वाचून घ्यावे. राहणे अटळच असेल, तर शिडे आणि छत पूर्णपणे उतरवून वाऱ्याला अडणारे काहीही वर ठेवू नये, आणि इशारा मिळताच नौका बांधून आपण दोघांनी किनाऱ्यावरच्या पक्क्या इमारतीत जावे. वादळात नौकेवर थांबून तिला वाचवता येते, असा भरवसा मुळीच धरू नये.