मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि येळवस एकाच दिवशी. काय करू?

रत्नांग्रीची_लेक
माहेर रत्नागिरी, सासर लातूरकडे औशाजवळ, राहायला पुण्यात. लग्नानंतरचा पहिलाच मार्गशीर्ष. आमच्याकडे हा महिना म्हणजे प्रतिपदेची देवदिवाळी, देवांच्या नावाने वाढलेली पानं आणि मग महालक्ष्मीचे गुरुवार. १४ डिसेंबरपासून गुरुवार धरलेत. शेवटचा येतोय ११ जानेवारी २०२४ ला, नेमका अमावास्येला, आणि त्याच दिवशी सासूबाईंनी येळवशीला (वेळ अमावास्या, त्यांच्याकडचा शेतातल्या पूजेचा सण) शेतात बोलावलंय. आई म्हणते, अमावास्येला उद्यापन नको, ४ तारखेलाच उरकून घे. त्यात मोबाइलच्या पंचांगात ११ ला चक्क ‘पौष अमावस्या’! मग तो गुरुवार धरायचा की नाही? आणि उपास असताना शेतात जाऊन नुसतं बघत बसायचं? सासूबाईंना विचारायचा धीर होत नाही, म्हणून इथे.

इंदूरवाले_काका
पंचांगापुरतं सांगतो. इंदुरात हा घोळ आम्ही दरवर्षी बघतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, वद्य पक्ष लागला की ते एक महिना पुढे. २६ डिसेंबरला दत्तजयंती झाली, दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पौष. तुमचं अ‍ॅप त्यांच्याकडचं दिसतंय, सेटिंगमध्ये ‘अमांत’ असेल तर तो निवडा. ११ तारीख आपल्याकडे मार्गशीर्षच.

दादरची_मावशी
४ ला उरकू नकोस गं. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन कुठल्या तिथीला करतो आपण? अमावास्येलाच ना!

निलंग्याची_बाई
सूनबाई, येळवशीला आमच्याकडे कुणी घरात बसत नाही. जिल्हाधिकारी सुट्टी देतात. दुपारी लातूरच्या बाजारात फिरून बघा, माणूस दिसायचं नाही. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी हाताला धरून नेतंच.

आदल्या रात्री तर झोपच नाही. भज्जीचं निवडायलाच जावा-नणंदा सगळ्या लागतात. (तळलेली भजी नव्हेत बरं, पुण्याकडचे पाहुणे हमखास तेच समजून येतात.) तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात, गाजर, चिंचेचा कोळ, आणि हे सगळं डाळीच्या पिठात रटरटवायचं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आधीपासून आंबवून ठेवलेली असते. तिचं मडकं डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान आमच्या घरात नव्या सुनेचा. तुम्हाला बोलावलंय ते त्यासाठीच असणार, बघत बसायला नाही.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव, आणि लक्ष्मी. पूजा झाली की ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ म्हणत ज्वारी-हरभऱ्यातून आंबील शिंपडत फिरायचं. ज्वारी पोटऱ्यात असते तेव्हा, कणीस बाहेर पडायच्या बेतात.

आता उपासाचं. गुरुवार धरणाऱ्या बाया आमच्या गावातही मायंदळ आहेत. पहाटे घट मांडून पूजा, पोथी वाचायची आणि मगच घर सोडायचं. काहीजणी संध्याकाळची आरती होईपर्यंत आंबिलीलासुद्धा तोंड लावत नाहीत. मी कोपीतल्या लक्ष्मीला नैवेद्य दाखवते आणि जेवते. घटातली लक्ष्मी वेगळी नि रानातली वेगळी, हे काही माझ्या मनाला पटत नाही. तुमच्या घरची रीत काय, ते मात्र सासूबाईच सांगतील.

रत्नांग्रीची_लेक
काकू, किती बरं वाटलं! पण उद्यापनाचं हळदीकुंकू? पुण्यातल्या मैत्रिणींना सांगून बसलेय.

निलंग्याची_बाई
कोपीभोवती पाच काय, पंधरा सवाष्णी भेटतील. पोथ्या नि फळं पुण्याहूनच घेऊन निघा, त्या दिवशी औशात दुकान उघडं मिळायचं नाही. मैत्रिणींना ४ तारखेच्या गुरुवारी बोलवा, कुंकू लावायला उद्यापनच कशाला लागतं?

सासूबाईंना आजच फोन करा. ‘घट तिकडेच मांडू का?’ एवढंच विचारा, पुढचं त्याच बोलतील. आणि सुती लुगडं नेसा. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब लागली की भारी साडीचे काठ जातात.

इंदूरवाले_काका
निलंग्याच्या ताई, ती भज्जी इंदुरात करायची तर हरभऱ्याच्या पाल्याऐवजी काय घालायचं? वाल मिळतात इथे.

निलंग्याची_बाई
काही घालू नका, इकडे या.