मदत हवी आहे : काँग्रेसमनच्या ऑफिसात ऑटिझम संशोधनासाठी नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत आमचा देशी पालकांचा एक छोटा गट आहे, सगळ्यांचीच मुलं ऑटिस्टिक. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या काँग्रेसमनच्या (म्हणजे अमेरिकी संसदेतल्या आमच्या खासदाराच्या) ऑफिसात भेटीची वेळ मिळाली आहे. स्वतः साहेब असतील की नाही कोण जाणे, पण आरोग्याचे विषय बघणारी त्यांची सहायक असेल. वेळ पंधरा मिनिटं. त्यातली पाच चहापाणी आणि ओळखीपाळखीत जाणार हे मी धरूनच चालले आहे.

गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, "संशोधनाला जास्त पैसे द्या" एवढंच सांगून यायचं, कारण सरळ मागणीच लक्षात राहते. दुसरा तट (म्हणजे मी आणि आणखी एक बाबा) म्हणतो, पैसे कशावर खर्च होतात तेही बोलू.

इतिहास बघितला तर पहिल्या तटाचं म्हणणं खोटं नाही. इथे संशोधनाला पैसे मिळाले ते पालकांनी डोकं खाल्लं म्हणूनच. १९९४ मध्ये आमच्याच प्रिन्स्टनला एका आईबापांनी 'नॅशनल अलायन्स फॉर ऑटिझम रिसर्च' काढली, १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला 'क्युअर ऑटिझम नाऊ' निघाली. २००५ मध्ये 'ऑटिझम स्पीक्स' आली आणि पुढे या दोन्ही तिच्यात विलीन झाल्या. ऑटिझम संशोधनाच्या निधीचा २००६ चा 'कॉम्बॅटिंग ऑटिझम ॲक्ट' सँटोरम आणि डॉड या दोन वेगळ्या पक्षांच्या सिनेटरांनी आणला. सिनेटमध्ये बिनविरोध पास! हाऊसमध्ये (संसदेच्या दुसऱ्या सभागृहात) मात्र समितीचे अध्यक्ष जो बार्टन अडून बसले, त्यांना आधी सगळ्या एनआयएचचीच (वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारी सरकारी संस्था) घडी नव्याने बसवायची होती. पालकांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं. शेवटी तडजोड होऊन १९ डिसेंबर २००६ ला बुश यांची सही झाली. पाच वर्षांसाठी साधारण ९४.५ कोटी डॉलर. तेव्हापासून २०११, २०१४, २०१९ आणि डिसेंबर २०२४ असं त्याचं नूतनीकरण होत आलंय.

(लसींचा वाद या धाग्यावर नको, हात जोडते. त्यापायी तेव्हाच्या पालक संघटनांमध्येही फूट पडली होती, इथे पुन्हा नको.)

आता माझं दुखणं. माझा मुलगा १९ चा. शाळेतर्फे एका किराणा दुकानात आठवड्यातून तीन दिवस जातो, सोबत जॉब कोच (कामावर मदत करणारा माणूस) असतो. दुधाचे कॅन तारखेप्रमाणे लावायचं काम त्याला फार आवडतं. गिऱ्हाईकाने काहीही विचारलं, अगदी "बाथरूम कुठे आहे" असंसुद्धा, की तो कॅनवरची तारीख वाचून दाखवतो. लोक हसतात, कोच सांभाळून घेतो. २१ पूर्ण झाले, ते शाळेचं वर्ष संपलं, की शाळा बंद आणि कोचही बंद. पुढे काय केलं तर अशी मुलं कामावर टिकतात, चाळिशीत त्यांच्या फिट्सचं, झोपेचं, मनाचं काय होतं, यावर अभ्यास शोधायला गेलं तर हाताशी फार थोडं लागतं. जनुकं आणि लहान वयातलं निदान यावर मात्र ढीगभर. लहानांचं नको असं नाही हो, पण मुलं मोठी होतात ना!

तर प्रश्न :
कायदा डिसेंबर २०२४ मध्येच नवा झालाय, मग आता मागण्यासारखं काही उरतं का? आणि "मोठ्यांवरच्या संशोधनाला वाटा द्या" असं काँग्रेसमनला सांगून उपयोग असतो, की ते एनआयएचच्या हातात? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – हेमाडपंती

उरतं, नक्की उरतं. खरी गंमत तिथेच आहे. कायद्याने मिळते ती मंजुरी, म्हणजे "इतके खर्च करायला हरकत नाही". २०२४ चा कायदा २०२९ पर्यंत सुमारे १९५ कोटी डॉलरला हरकत नाही म्हणतो. प्रत्यक्ष पैसा दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकातून सुटतो, आरोग्य खात्याचं ते 'लेबर-एचएचएस' नावाने ओळखतात. प्रत्येक सदस्याचं ऑफिस त्या उपसमितीकडे आपल्या मागण्यांचं पत्र पाठवतं. तुमची मागणी त्या पत्रात जायला हवी. सहायकबाईंना पहिला प्रश्न हाच विचारा : तुमच्या मागण्यांची मुदत कधी संपते?

मोठ्यांबद्दल : २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्याच्या मजकुरातच आयुष्यभराचा विचार आलेला आहे. त्यामुळे तुम्ही नवं काही मागत नाही, लिहिलेलं पाळा म्हणताय. हे वाक्य तिथे चालतं. कोणत्या अभ्यासाला अनुदान द्यायचं ते एनआयएच ठरवते, पण विधेयकाबरोबरच्या अहवालात "या विषयाकडे लक्ष द्यावे" असं समिती लिहू शकते, आणि एनआयएच ते वाचते.

एक सावधगिरी. जॉब कोच, डे प्रोग्रॅम, घर या गोष्टी या कायद्यातून येत नाहीत. त्या मुख्यतः मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) वेव्हरमधून, म्हणजे त्यातल्या खास सवलतीतून, राज्यामार्फत येतात. दोन्ही एकत्र बोललात तर ती बाई मान डोलावेल आणि वहीत काहीच लिहिणार नाही. मेडिकेडसाठी वेगळी भेट घ्या.

प्रतिसाद – निळा_डबा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय ३४, निदान तिशीत झालं. ताई, तुमचा मुद्दा पटतो, पण त्या खोलीत सगळे पालकच असणार का? २००६ च्या कायद्याच्या नावातच ऑटिझमशी लढा होता, आम्हाला ते टोचायचं. २०१४ मध्ये नाव बदललं ते आमच्यासारख्यांनी आरडाओरडा केला म्हणून. संशोधनाची दिशा सुचवणाऱ्या केंद्रीय समितीत ऑटिस्टिक माणसं किमान दोन हवीत हेही तेव्हाच आलं, २०१९ मध्ये तीन झाली. मुलाला न्या. तो दहा मिनिटं तारखा वाचेना का. आणि रडकथा नको, प्लीज.

प्रतिसाद – कोथरूडची_मावशी

अवांतर, पण विचारते. आपल्याकडे असं काही आहे का? आम्हाला नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा माहीत आहे, त्यातून निरामय विमा आणि अठरानंतरचं पालकत्व. २०१६ च्या कायद्यात २१ अपंगत्वांत ऑटिझम आला, सर्टिफिकेट मिळतं.

प्रतिसाद – हेमाडपंती

मावशी, ते दोन्ही हक्कांचे आणि सोयींचे कायदे. ऑटिझम संशोधनासाठी निधी बांधून देणारा वेगळा कायदा भारतात नाही. वेगळा धागा काढा, मी येतो.

धागाकर्ती

हेमाडपंती, दंडवत! मंजुरी आणि तरतूद यातला फरक आमच्या गटात कुणालाच माहीत नव्हता, दोन्ही तटांना. म्हणजे मागणी एकच : या वर्षीच्या पत्रात मोठ्या वयातल्या आरोग्यावरच्या आणि नोकरीवरच्या संशोधनाची एक ओळ. मेडिकेड त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही, हे मलाच सगळ्यात अवघड जाणार.

निळा_डबा, मुलाला विचारलं. "किती वाजता?" म्हणाला. म्हणजे येतोय. आमच्या गटातली २६ वर्षांची एक मुलगी टायपून बोलते, तिलाही विचारते आहे. तिची वाक्यं तिनेच लिहायची, आम्ही हात लावणार नाही.

रविवारपर्यंत एक पानी मसुदा इथे टाकते. पान भरून गेलं तर खोडायला मदत करा. आणि पेनसिल्व्हेनिया किंवा टेक्सासमधल्या कुणी अशी भेट घेतली असेल, तर सहायकाने उलट काय विचारलं ते जरूर लिहा.